एकसष्टाचे ज्येष्ठ मूळ

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पिंगळी नावाचे एक गाव लागते. काळ्या जमिनीचा, कापूस-ज्वारीचा हा मुलूख. गावाचे नाव ऐकताच छंदःशास्त्रकार पिंगलाचार्यांची आठवण होणे स्वाभाविक आहे, आणि लघुगुरूंच्या प्रस्तारातून गणित उभे करणाऱ्या त्या पुरुषाशी ह्या गावाचे नाते जोडण्याचा मोह एखाद्या उत्साही लेखकास सहज होईल. आम्ही तो आवरतो. नामसादृश्यावर इतिहास रचण्याची हौस आपल्या लोकांस फार. परंतु येथे तिची गरजही नाही. कारण ह्याच जिल्ह्यात, पिंगळीच्या पश्चिमेस, पाथरी येथे गणिताचा खराखुरा, शकासह सांगता येण्याजोगा इतिहास घडलेला आहे. त्या इतिहासाकडे वाचकांस नेण्यासाठी आम्ही एकाच अंकाचा आधार घेणार आहो. तो अंक असा : १७६६३१९०४९.

एक अब्ज, शहात्तर कोटी, त्रेसष्ट लक्ष, एकोणीस हजार, एकोणपन्नास. ‘अब्ज’ हे स्थान आपण आजही ज्या अर्थाने मोजतो त्याच अर्थाने ते भास्कराचार्यांच्या लीलावतीत आले आहे, आणि ते तेथील अठरा स्थानांपैकी केवळ दहावे आहे. परार्धापर्यंत पोचावयाचे तर आणखी आठ पायऱ्या चढाव्या लागतात. तेव्हा निव्वळ आकाराने हा अंक विलक्षण आहे असे कोणी म्हणू नये. अंदाजपत्रकातून ह्याहून मोठे आकडे आपण दरवर्षी वाचतो आणि विसरतो. ह्या अंकाचे महत्त्व तो किती मोठा आहे ह्यात नसून तो कोठून निघाला ह्यात आहे. आणि तो निघाला ६१ ह्या अगदी लहान, दुर्लक्षित अशा संख्येतून.

शके १०७२ म्हणजे इ. स. ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, भास्कराचार्यांनी सिद्धांतशिरोमणी हा ग्रंथ रचला. त्याच्या बीजगणित ह्या भागात ते आपल्या मित्रास उद्देशून एक प्रश्न टाकतात. त्याचा भावार्थ असा की, असा कोणता वर्ग आहे की ज्यास सदुसष्टाने गुणून एक मिळविला असता पुन्हा वर्गच येतो? आणि एकसष्टाने गुणून एक मिळविला असता वर्ग येईल असा वर्ग कोणता? प्रश्न ऐकावयास इतका सोपा की घरातील शाळकरी मुलानेही पाटी घेऊन बसावे. साठाच्या बाबतीत त्याला उत्तर लगेच सापडेलही : ४चा वर्ग १६, त्याची साठपट ९६०, एक मिळवून ९६१, आणि हा ३१चा वर्ग. बासष्टासाठी ८ घ्यावे. ६४ची बासष्टपट ३९६८, एक मिळवून ३९६९, म्हणजे ६३चा वर्ग. त्रेसष्टास तर एकानेच काम भागते. दोहों बाजूंचे शेजारी इतके सरळ पाहून एकसष्टही दोनचार प्रयत्नांत वश होईल असे कोणासही वाटेल. तेथेच तो फसतो. एकसष्टासाठी जी सर्वांत लहान संख्या लागते ती २२६१५३९८० ही होय. तिचा वर्ग करून, एकसष्टाने गुणून, एक मिळविला म्हणजे जो वर्ग येतो त्याचे मूळ म्हणजे आमचा १७६६३१९०४९ हा अंक.

शंभराच्या आतील कोणतीही दुसरी संख्या इतके मोठे उत्तर मागत नाही. एखाद्याने एक, दोन, तीन अशा क्रमाने संख्या तपासण्याचे ठरविले, आणि दर मिनिटास एक ह्या वेगाने रात्रंदिवस अखंड काम चालविले, तर उत्तरापर्यंत पोचण्यास त्याला सुमारे चारशे तीस वर्षे लागतील. भास्कराचार्यांनी ग्रंथ लिहिला त्या वर्षी आरंभ केला असता तर अकबराच्या कारकिर्दीत काम आटोपते! ह्यावरून एक गोष्ट निर्विवाद ठरते. हे उत्तर चाचपडून सापडलेले नाही. ते ज्याने लिहिले त्याच्यापाशी रीत होती.

अपूर्णांक चालत असते तर प्रश्न मुळीच कठीण नव्हता, हेही येथे सांगितले पाहिजे. कोणतीही इष्ट संख्या घ्यावी, तिच्या दुपटीस तिचा वर्ग व गुणक ह्यांच्या अंतराने भागावे, उत्तर तयार. अकराव्या शतकातील श्रीपतीने ही युक्ती दिली असून भास्कराचार्यांनीही ती सांगितली आहे. इष्ट ८ घेतले तर १६ भागिले ३ येतात. त्याचा वर्ग करून एकसष्टाने गुणावे आणि एक मिळवावा, की १२५ भागिले ३ ह्याचा वर्ग मिळतो. प्रश्नाचा सारा कस पूर्णांकांच्या अटीत आहे. ही अट पाच शतकांनंतर युरोपात पुन्हा वादाचा विषय व्हावयाची होती, म्हणून वाचकांनी ती ध्यानात ठेवावी.

आता रीत. तिच्या पायाचा दगड ब्रह्मगुप्ताने शके ५५० म्हणजे इ. स. ६२८ मध्ये घातला. ज्या संख्येने गुणावयाचे ती ‘प्रकृति’. ज्याचा वर्ग गुणावयाचा ते ‘कनिष्ठ’ मूळ. उत्तराचे वर्गमूळ ते ‘ज्येष्ठ’. आणि जे मिळवावयाचे किंवा वजा करावयाचे तो ‘क्षेप’. क्षेप एकच असला पाहिजे असा हट्ट आरंभी धरू नये. जो येईल तो क्षेप घेऊन एक त्रिकूट बांधावे, तसेच दुसरे बांधावे, आणि दोहोंची ‘भावना’ करावी. भावना म्हणजे तिरपा गुणाकार. पहिल्याचे कनिष्ठ दुसऱ्याच्या ज्येष्ठाने व दुसऱ्याचे कनिष्ठ पहिल्याच्या ज्येष्ठाने गुणून बेरीज करावी, हे नवे कनिष्ठ. दोन्ही ज्येष्ठांच्या गुणाकारात दोन्ही कनिष्ठांच्या गुणाकाराची प्रकृतिपट मिळवावी, हे नवे ज्येष्ठ. क्षेपांचा परस्पर गुणाकार हा नवा क्षेप. म्हणजे दोन खोटी उत्तरे एकत्र आणून त्यांतून खऱ्याच्या अधिक जवळचे तिसरे काढण्याची ही कला आहे. ब्रह्मगुप्ताने ब्याण्णवाचे उदाहरण देऊन, हे जो वर्षभरात सोडवील तो गणक, असे म्हटले आहे. त्याचे कनिष्ठ १२० व ज्येष्ठ ११५१. वाचकांनी पडताळून पाहावे.

परंतु भावनेने क्षेप गुणले जातात, म्हणजे बहुधा वाढतात. आणि आपणांस तर ते कमी करीत एकावर आणावयाचे असतात. ही अडचण ‘चक्रवाल’ रीतीने दूर होते. एकसष्टाचाच हिशेब करून पाहू.

१चा वर्ग एकसष्टाने गुणला आणि ३ मिळविले तर ६४, म्हणजे ८चा वर्ग. तेव्हा कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३. आता असा एक गुणक शोधावा की कनिष्ठास त्याने गुणून त्यात ज्येष्ठ मिळविले असता बेरजेस क्षेपाने निःशेष भाग जावा. शिवाय त्या गुणकाचा वर्ग एकसष्टाच्या होता होईल तो जवळ असावा. १, ४, ७, १० हे गुणक पहिली अट पुरी करतात. त्यांत ७चा वर्ग ४९ हा एकसष्टास सर्वांत जवळ. म्हणून ७ घ्यावा. सात आणि आठ पंधरा, त्यास तिनाने भागून ५, हे नवे कनिष्ठ. एकोणपन्नासातून एकसष्ट गेले, उणे बारा. त्यास तिनाने भागून उणे चार, हा नवा क्षेप. पडताळा : २५ची एकसष्टपट १५२५, त्यातून ४ वजा, १५२१, म्हणजे ३९चा वर्ग. चक्राचा एकच फेरा झाला आणि क्षेप उणे चारावर आला.

येथे भास्कराचार्य चक्र थांबवून ब्रह्मगुप्ताची वाट धरतात. कनिष्ठ-ज्येष्ठांचे अर्ध केले म्हणजे क्षेप चौथाई होतो. अडीच आणि साडेएकोणीस, क्षेप उणे एक. ह्या जोडीची स्वतःशीच भावना केली की कनिष्ठ साडेसत्त्याण्णव, ज्येष्ठ सातशे साडेएकसष्ट, आणि क्षेप एक. उतावळा गणक येथेच पाटी खाली ठेवील, कारण क्षेप तर एक झाला! पण अर्धे अजून चिकटून आहे. म्हणून ह्या नव्या जोडीची मघाच्या अडीच व साडेएकोणीस ह्या जोडीशी पुन्हा भावना करावयाची. आता अर्धे झडून जाते : कनिष्ठ ३८०५, ज्येष्ठ २९७१८, परंतु क्षेप पुन्हा उणे एक. उणे एकाचा गुणाकार उणे एकाशी केला तर अधिक एक होतो. तेव्हा शेवटची भावना स्वतःशीच. ३८०५ व २९७१८ ह्यांच्या गुणाकाराची दुप्पट २२६१५३९८०, आणि ज्येष्ठ १७६६३१९०४९. चारशे तीस वर्षांचे काम धूळपाटीवर घटकाभरात झाले. रीत म्हणजे काय, हे समजावून देण्यास ह्याहून चांगले उदाहरण आम्हांस माहीत नाही.

अंक ज्या वाटेने आला त्या वाटेच्या खुणा त्याच्या अंगावर उमटलेल्या आहेत. त्यातून एक वजा करा. जो १७६६३१९०४८ उरतो तो २९७१८च्या वर्गाची बरोबर दुप्पट आहे. त्यात एक मिळवा. १७६६३१९०५० हा ३८०५च्या वर्गाची एकशेबावीसपट, म्हणजे एकसष्टाच्या दुपटीची पट, आहे. अशा दोन वर्गांच्या मधोमध तो नेमका बसला आहे. हा अंक मूळ संख्या असावी असा कोणाचा ग्रह होईल, तसे नाही. एकाआड एक स्थानांतील अंकांची बेरीज करून पाहिली तर दोन्हीकडे २३च येतात, म्हणून त्यास ११ने भाग जातो, ५९नेही जातो. ज्येष्ठास कनिष्ठाने भागले असता एकसष्टाचे वर्गमूळ मिळते, आणि ते इतके सूक्ष्म की खऱ्या मुळाशी त्याचा फरक दशांशाच्या अठराव्या स्थळी पडतो. एवढी सूक्ष्मता व्यवहारात कोणास हवी होती? कोणासही नाही. पंचांगकर्त्याला तिचा उपयोग नव्हता, जमीन मोजणाऱ्याला तर नव्हताच. आणि हीच गोष्ट आम्हांस अत्यंत मोलाची वाटते. आपल्या पूर्वजांचे गणित हे यज्ञवेदी, ग्रहणे व मुहूर्त ह्यांचे दास होते असे जे सरसकट म्हटले जाते, त्यास हा एक अंक पुरेसे उत्तर आहे. प्रश्न कठीण होता आणि सुंदर होता, एवढ्याच कारणासाठी तो सोडविला गेला.

मात्र ‘भास्कराचार्यांचा शोध’ असा जयघोष करणाऱ्यांसही थोडे थांबविले पाहिजे. चक्रवाल ही आपली स्वतःची रीत असे भास्कराचार्य कोठेही म्हणत नाहीत; पूर्वीचे लोक हिला चक्रवाल म्हणतात, अशाच अर्थाचे त्यांचे शब्द आहेत. हे पूर्वीचे लोक कोण, ह्याचा उलगडा फार उशिरा झाला. उदयदिवाकर नावाच्या टीकाकाराने इ. स. १०७३ मध्ये लिहिलेल्या सुंदरी ह्या टीकेत जयदेव नावाच्या गणितज्ञाची वचने उतरून घेतली असून त्यांत ही रीत सविस्तर आहे, असे कृपाशंकर शुक्ल ह्यांनी १९५४ साली दाखवून दिले. म्हणजे निदान पाऊणशे वर्षे आधी चक्र फिरत होते. ह्यामुळे भास्कराचार्यांचे थोरपण यत्किंचितही उणे होत नाही. ज्याने उसने घेतलेले उसने म्हणून सांगितले आणि नंतर त्यातून सर्वांत कठीण उदाहरण सोडवून दाखविले, त्याची मातबरी पहिलेपणावर अवलंबून नसते.

अंक सोडविणे ही एक गोष्ट आणि तो टिकणे ही दुसरी. छापखाने नसलेल्या काळात दहा आकड्यांचा एक अंक शेकडो वर्षे न चुकता उतरविला जाण्यास केवळ पोथी पुरत नाही. नकलणाराचा हात एकदा घसरला की सातचा एक व्हावयास वेळ लागत नाही. तो अंक पुन्हा करून पाहणारा माणूस लागतो. अशी माणसे तयार व्हावी ह्यासाठी काय केले गेले, ह्याचा एक दगडी पुरावा खानदेशात चाळीसगावाजवळ पाटण येथील भवानीच्या देवळात आहे. डॉ. भाऊ दाजी ह्यांनी १८६५ साली हा शिलालेख विद्वानांपुढे आणला. शके ११२८मधील ह्या लेखात भास्कराचार्यांची वंशावळ असून त्यांचा पुत्र लक्ष्मीधर ह्यास यादव राजा जैत्रपाल आपल्या पदरी घेऊन गेल्याची, आणि नातू चांगदेव हा सिंघणाचा ज्योतिषी असल्याची नोंद आहे. ह्या चांगदेवाने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापला. निकुंभ घराण्यातील सोइदेव व हेमाडिदेव ह्यांची त्यास देणगी. लेखाचा शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत आहे, आणि आम्हांस तोच अधिक हृद्य वाटतो. बाजारातील लोकांनी मठास काय द्यावे ते त्यात आले आहे. दर घाण्यामागे तेलाची पळी, अशी त्यातील एक बाब. सिद्धांतशिरोमणी टिकला तो राजाच्या हुकमाने जितका, तितकाच तेल्याच्या पळीने.

यादवांचे राज्य चौदाव्या शतकाच्या आरंभी बुडाले. ह्यानंतर महाराष्ट्रातील गणितविद्या अस्तंगत झाली असे पुष्कळ लोक समजून चालतात. पाथरीचा इतिहास ह्याच्या नेमका उलट आहे. ग्रंथांतून जिला पार्थपूर म्हटले आहे ती गोदातीराजवळची ही पाथरी. तेथे ज्ञानराज नावाच्या ज्योतिषाने शके १४२५ म्हणजे इ. स. १५०३ मध्ये सिद्धांतसुंदर हा ग्रंथ रचला. त्याचा पुत्र सूर्यदास, ह्यालाच सूर्यपंडित म्हणतात, ह्याने बीजगणितावर सूर्यप्रकाश ही टीका शके १४६० मध्ये आणि लीलावतीवर गणितामृतकूपिका ही टीका शके १४६३ मध्ये लिहिली, म्हणजे इ. स. १५३८ व १५४१.

ही वर्षे शांततेची नव्हती. पाथरीसाठी वऱ्हाडची इमादशाही आणि अहमदनगरची निजामशाही ह्यांच्यात सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात लढाया झाल्या. निजामशाहीचा मूळ पुरुष पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातला, म्हणून ते गाव आपल्याकडे असावे असा त्या घराण्याचा आग्रह, अशी हकीकत फेरिश्त्याने दिली आहे. ज्या गावासाठी दोन शाह्या तलवारी उपसत होत्या त्या गावात त्याच पिढीतील एक गृहस्थ वर्गप्रकृती आणि चक्रवाल शिष्यांस उलगडून सांगत होता, हे चित्र आमच्या बखरींतून मुळीच येत नाही. बखरकारांस घोडी मोजता येत. क्षेप त्यांना कोठून दिसणार!

सूर्यपंडित हा केवळ गणकही नव्हता. त्याने रामकृष्णविलोमकाव्य नावाचे एक काव्य रचले आहे. त्यातील श्लोक सरळ वाचला तर रामकथा, आणि तोच अक्षर न् अक्षर उलटा वाचला तर कृष्णकथा. अशा कसरतींना काव्य म्हणावे की नाही ह्याविषयी रसिकांत मतभेद राहणारच, आणि आमचेही मत फारसे अनुकूल नाही. परंतु ज्या बुद्धीला अक्षरे दोहों दिशांनी चालविता येतात तिला कनिष्ठ-ज्येष्ठांच्या तिरप्या गुणाकारात रस वाटला असल्यास नवल नाही. मूळ ग्रंथकाराने दोन ओळींत गुंडाळलेली रीत मोकळी करावी, तिचे कारण दाखवावे, आणि विद्यार्थी वाटेत हरवला असेल तेथे त्याचा हात धरावा, हे टीकाकाराचे काम. ते करणारास इतिहासात मधल्या रांगेतही जागा मिळत नाही. तथापि भास्कराचार्य आणि आपण ह्यांच्यामधली साखळी अशाच माणसांनी घट्ट धरून ठेविली आहे.

ही साखळी पुढे उत्तरेकडे गेली. गोदावरीच्या उत्तर तीरावरील गोलग्रामचा दिवाकर हा ग्रहलाघवकार गणेश दैवज्ञाचा शिष्य. त्याच्या घराण्यातील मंडळी काशीस जाऊन राहिली आणि तेथेच त्यांनी ग्रंथरचना केली. विदर्भातील दधिग्रामच्या घराण्यातला कृष्ण दैवज्ञ, ज्यास जहांगिराचा आश्रय होता, त्याने बीजगणितावर बीजपल्लव ही प्रसिद्ध टीका लिहिली; तोही काशीचाच झाला. विद्येला गोदातीर सोडावे का लागले, ह्याचे उत्तर आश्रयात शोधले पाहिजे असे आम्हांस वाटते. मठाला तेल देणारा बाजार मोडला म्हणजे पंडित दुसरा बाजार पाहतो.

गोलग्रामच्याच वंशातील कमलाकराने काशीस सिद्धांततत्त्वविवेक पुरा केला तो इ. स. १६५८ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी, १६५७च्या फेब्रुवारीत, फ्रान्सात फर्मा ह्या गणितज्ञाने एक आव्हान प्रसिद्ध केले. वर्ग नसलेली कोणतीही संख्या दिली असता, तिने गुणून एक मिळविल्यावर वर्ग होईल असा वर्ग शोधावा. आपल्या फ्रेनिकल नावाच्या स्नेह्यास त्याने दोन उदाहरणे धाडली, आणि फार श्रम पडू नयेत म्हणून लहान संख्या घेतल्या आहेत असे विनोदाने कळविले. त्या संख्या होत्या ६१ आणि १०९! फर्मास भास्कराचार्यांचे नावही ठाऊक असण्याचा संभव नाही. ज्याला ह्या प्रश्नाचे मर्म कळते त्याचा हात आपोआप एकसष्टाकडे जातो, एवढाच ह्याचा अर्थ. एकशे नवाचे ज्येष्ठ तर पंधरा आकडी आहे : १५८०७०६७१९८६२४९.

इंग्लंडातून ब्राउंकर व वॉलिस ह्यांची पहिली उत्तरे गेली ती अपूर्णांकांत. म्हणजे आमच्या श्रीपतीची युक्तीच. फर्माने ती नाकारली. पूर्णांक पाहिजेत असे बजावले. मग ब्राउंकरने खरी रीत शोधून काढली. पुढे ऑयलरने चुकून हे श्रेय पेल नावाच्या तिसऱ्याच गृहस्थास दिले, आणि ज्याचा ह्या प्रश्नाच्या उकलीशी काही संबंध नव्हता त्या पेलचे नाव समीकरणास कायमचे चिकटले. ऑयलरच्या १७७०च्या बीजगणितात जे कोष्टक आहे त्यात एकसष्टापुढे १७६६३१९०४९ हाच अंक आहे. भास्कराचार्यांनंतर सहाशे वीस वर्षांनी. आमच्या मुलांनी ह्या समीकरणाची ओळख पेलच्या नावाने करून घ्यावी ह्याचा आम्हांस विषाद वाटतो. पण पेलच्या जागी घाईघाईने भास्कराचार्यांचे नाव चिकटविणे हाही न्याय नव्हे, कारण तेथे ब्रह्मगुप्त आणि जयदेव उभे आहेत.

आणखी एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. चक्र फिरविले म्हणजे ते नेहमी एकावर येऊन थांबते, हे आमच्या गणितज्ञांनी अनुभवाने जाणले होते. ते थांबलेच पाहिजे, एकही संख्या त्यास अपवाद होऊ शकत नाही, असे सिद्ध करून दाखविण्याचा प्रयत्न आमच्या ग्रंथांत आढळत नाही. ती सिद्धता लाग्रांजने १७६८च्या सुमारास दिली. उपपत्ती देण्याची परंपरा आमच्याकडे होती; सूर्यपंडित व कृष्ण दैवज्ञ तिचेच पाईक. परंतु ‘नेहमी’ हा शब्द त्यांना टोचला नाही. हांकेल ह्या जर्मन इतिहासकाराने लाग्रांजच्या पूर्वीच्या अंकशास्त्रात चक्रवालाइतकी सुंदर वस्तू दुसरी नाही, अशा आशयाचा अभिप्राय १८७४ साली दिला. तो आमच्याकडे वारंवार उद्धृत होतो. त्यातील ‘लाग्रांजच्या पूर्वीच्या’ ह्या शब्दांवरही उद्धृत करणारांनी बोट ठेवीत जावे.

युरोपास ही सारी हकीकत कळली ती प्रथम फारशीच्या द्वारे. बीजगणिताचे फारशी भाषांतर शहाजहानच्या काळी अताउल्ला रशदी ह्याने केले होते. त्यावरून स्ट्रेची ह्याने १८१३ साली इंग्रजी सार काढले. मूळ संस्कृतावरून पहिले विश्वसनीय भाषांतर कोलब्रुकचे, लंडन, १८१७. कोलब्रुक हा मोठा साक्षेपी माणूस. मूळ सूत्रे त्याला जेथे अडली तेथे त्याने आपल्या कल्पनेने वाट काढली नाही, टीकाकारांस विचारले. त्याच्या पानोपानी तळाशी बारीक टाइपात ज्या टिपा आहेत त्यांत गणेश दैवज्ञ आहे, कृष्ण दैवज्ञ आहे, आणि संक्षिप्त नावाने पुन्हा पुन्हा येणारा सूर्यदास आहे. आमच्या पार्थपूरचा, पाथरीचा.